औषधांच्या दुकानातला पहारा

महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक प्रयोग होतो. काचेच्या उंच नळकांड्यात ग्लिसरीन भरायचे, त्यात पोलादाची बारीक गोळी सोडायची आणि ती किती वेगाने खाली जाते ते घड्याळ लावून मोजायचे. त्यावरून ग्लिसरिनची विष्यंदिता, म्हणजे त्याचा दाटपणा, काढता येतो. गेल्या वर्षी हा प्रयोग मांडलेला असतानाच आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बी. फार्म. होऊन तो आता छत्रपती संभाजीनगरात, घाटी रुग्णालयाच्या परिसरात, औषधांचे दुकान चालवतो. बोलता बोलता त्याने टेबलावरची ग्लिसरिनची बाटली उचलली, फिरवून तिच्यावरचे लेबल वाचले आणि म्हणाला, "सर, ही बाटली औषध म्हणून माझ्या दुकानात आली असती, तर मी आल्या पावली परत पाठवली असती."

"का रे? ग्लिसरीनच तर आहे. रंग नाही, वास नाही, दाट आहे. आणखी काय पाहिजे?"

"तेच सर. रंग नाही, वास नाही आणि दाट आहे, असे दुसरेही पदार्थ आहेत. या लेबलावर आय. पी. ही अक्षरे नाहीत. भारतीय औषधसंहितेच्या कसोट्यांना हे उतरले आहे, असे कोणीच म्हटलेले नाही. मग डोळ्यांना दिसते तेच बाटलीत आहे, असे मी कशावरून धरू?"

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न चांगलाच झोंबला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, तेच या लेखात सांगायचे आहे. डॉक्टर औषध लिहून देतात आणि कारखाना ते तयार करतो, हे आपल्याला ठाऊक असते. या दोघांच्या मधे, काउंटरपलीकडे उभा असलेला फार्मासिस्ट मात्र आपल्याला केवळ पुड्या बांधणारा वाटतो. त्याचे खरे काम पहाऱ्याचे आहे.

मुंबईतील चौदा मृत्यू

१९८६ सालच्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, पोटातून दिले जात होते. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब वाढला की तो उतरवण्यासाठी हे औषध वापरीत. यामागचे तत्त्व तुम्ही शाळेत शिकला आहात. ते म्हणजे परासरण. पाण्यात भिजून फुगलेले मनुके मिठाच्या दाट द्रावणात टाकले की जसे आकसतात, तसेच ग्लिसरॉल रक्तात मिसळले की रक्ताची संहती वाढते आणि आजूबाजूच्या ऊतींतील पाणी रक्ताकडे ओढले जाते. पाणी कमी झाले की दाबही कमी होतो.

परंतु या वेळी रुग्णांना उतार पडण्याऐवजी त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. पाहता पाहता चौदा रुग्ण दगावले. तपासणीत आढळले की, दिल्या गेलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे दुसरेच द्रव्य मिसळलेले होते. हे द्रव्य उद्योगधंद्यांत द्रावक म्हणून वापरतात. ते ग्लिसरिनपेक्षा स्वस्त असते. ते पोटात गेल्यावर शरीरात त्याचे रूपांतर होऊन काही आम्ले तयार होतात. त्यांपैकी डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडाच्या पेशींना मारक ठरते.

महाराष्ट्र हादरला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. १९८८ साली त्याचा अहवाल विधिमंडळापुढे आला आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. औषध विकत घेणे, त्याची तपासणी करणे आणि ते वॉर्डात पोहोचवणे या साऱ्या साखळीतील ढिलाईवर या अहवालाने बोट ठेवले. कोणत्याही एका कडीवर कोणी थांबून "हे खरोखर तेच आहे ना?" एवढे विचारले आणि तपासले असते, तरी ते चौदा जण वाचू शकले असते.

डोळ्यांना का कळत नाही?

आता आपल्या प्रयोगशाळेकडे येऊ. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही द्रव रंगहीन आहेत, दोघांनाही फारसा वास नाही आणि चवीला दोन्ही गोड आहेत. मग आपण पदार्थविज्ञानाची साधने वापरली तर?

प्रथम घनता पाहू. २० अंश सेल्सिअसला ग्लिसरिनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.२६ ग्रॅम, तर डायएथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२ ग्रॅम असते. दोन्ही शुद्ध असतील, तर साधा तरकाटाही त्यांतील फरक सांगेल. पण भेसळ करणारा शुद्ध विष विकत नाही. तो थोडे मिसळतो.

समजा, ग्लिसरिनमध्ये २० टक्के डायएथिलीन ग्लायकॉल मिसळले. मिश्रणाची घनता ढोबळमानाने (०.८ × १.२६) + (०.२ × १.१२), म्हणजे सुमारे १.२३ भरेल. घनता कमी आहे, हे तरकाटा दाखवील. पण ग्लिसरिनमध्ये सुमारे ११ टक्के साधे पाणी मिसळले, तरी हाच आकडा येतो! ग्लिसरीन तर हवेतील ओलावा आपोआप शोषून घेते. तेव्हा घनता कमी भरली की "काहीतरी मिसळले आहे" एवढेच कळते. ते पाणी आहे की विष, हे कळत नाही.

भेसळ एकच टक्का असेल, तर अवघडच होते. त्याने घनतेत पडणारा फरक फक्त ०.००१४. तापमान एका अंशाने वाढले की ग्लिसरिनची घनता सुमारे ०.०००६ ने कमी होते. म्हणजे खोलीचे तापमान दोन-सव्वादोन अंशांनी वाढले, तरी तेवढाच फरक पडतो. आणि औषधसंहितेने ठरवलेली कमाल मर्यादा तर ०.१ टक्का आहे! मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांतील फरक पाहा, म्हणजे तरकाट्याच्या भरवशावर औषध का सोडता येत नाही, हे लक्षात येईल.

दाटपणाचे तेच. आमच्या गोळीच्या प्रयोगात २० अंशांना ग्लिसरिनची विष्यंदिता सुमारे १.४ पास्कल-सेकंद येते आणि ३० अंशांना ती सुमारे ०.६ वर उतरते. पाणी मिसळले तरी ती कमी होते, ग्लायकॉल मिसळले तरी कमी होते. म्हणून औषधाच्या प्रयोगशाळेत वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफी, ही पद्धत वापरतात. तिच्यात मिश्रणातील निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या वेगाने पुढे सरकून एकमेकांपासून अलग होतात. मग एखादे द्रव्य अगदी थोडे असले, तरी ते वेगळे ओळखू येते.

वहीचे सामर्थ्य

पण गल्लीतल्या फार्मासिस्टकडे असले यंत्र नसते. मग तो पहारा कसा करतो?

त्याची साधने साधी आहेत: लेबल, बिल, बॅच नंबर आणि नोंदवही. कारखान्यात एका वेळी तयार झालेल्या मालाला एक क्रमांक देतात, तो बॅच नंबर. एका बॅचमध्ये दोष निघाला, तर तो त्या बॅचच्या सगळ्याच बाटल्यांत असण्याचा धोका असतो. दुकानदार परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याकडूनच, बिल घेऊन माल आणतो. बिलावर बॅच नंबर असतो. त्यामुळे बाटली कोठून आली, हे मागे मागे जात कारखान्यापर्यंत शोधता येते. त्यानेही ग्राहकाला बिल दिले असेल, तर ती कोठे गेली, हेही शोधता येते.

या कागदांचे मोल किती, हे अमेरिकेतील १९३७ सालच्या घटनेवरून कळते. सल्फानिलामाइड हे तेव्हाचे नामांकित जंतुविरोधी औषध. एका कंपनीने त्याचे गोड पातळ औषध काढायचे ठरवले आणि द्रावक म्हणून वापरले ते हेच डायएथिलीन ग्लायकॉल. त्याची कोणत्याही प्राण्यावर चाचणीसुद्धा घेतली नव्हती. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत कित्येक मुले होती. मग सरकारी निरीक्षक देशभर पांगले. त्यांनी औषधांच्या दुकानांतील विक्रीच्या चिठ्ठ्या एकेक करून तपासल्या आणि बाटली कोणाच्या घरी गेली, याचा माग काढला. तयार झालेल्या २४० गॅलन औषधापैकी सुमारे २३४ गॅलन परत मिळाले. सारे मृत्यू झाले ते उरलेल्या सुमारे सहा गॅलनमुळे! चिठ्ठ्या नसत्या, तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेत औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखवणे कायद्याने बंधनकारक झाले.

ही सारी जुनी कहाणी आहे, असे कोणी समजू नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. उपचारांसाठी त्यांतील अनेकांना आपल्या नागपुरात आणले होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा नंबर जाहीर करून तिची विक्री व वापर थांबवण्यास सांगितले. अशा वेळी दुकानातील फार्मासिस्टने कपाट उघडून तो नंबर शोधणे, माल बाजूला काढणे आणि कोणाला दिला असल्यास त्याला गाठणे, यावर जीव अवलंबून असतात.

शुद्ध औषधही चुकते तेव्हा

आतापर्यंत आपण भेसळीविषयी बोललो. पण बाटलीत लेबलावर लिहिलेलेच औषध आहे, अगदी शुद्ध आहे आणि तरीही ते अपाय करते, असेही होते. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध बाजारात आले. गरोदर स्त्रियाही मळमळीवर ते घेऊ लागल्या. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले गेले, तोवर निरनिराळ्या देशांत दहा हजारांवर बालके हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती.

तुम्ही विचाराल, आता तर औषधे चाचण्या घेऊनच बाजारात येतात. मग दोष आधीच का कळत नाहीत? याचे उत्तर गणितात आहे.

समजा, एखाद्या औषधाचा एक गंभीर दुष्परिणाम दर दहा हजारांत एका माणसाला होतो आणि बाजारात येण्यापूर्वी औषधाची चाचणी तीन हजार लोकांवर झाली. एका माणसाला दुष्परिणाम न होण्याची संभाव्यता ०.९९९९. तीन हजारांपैकी एकालाही न होण्याची संभाव्यता काढायची, तर ०.९९९९ हा आकडा तीन हजार वेळा मांडून गुणाकार करायचा. उत्तर येते सुमारे ०.७४. म्हणजे अशा चारपैकी तीन चाचण्यांत हा दुष्परिणाम एकदाही दिसणार नाही! तो एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर तीस हजार माणसे लागतील.

यावरून एक सोपा नियम निघतो. जो परिणाम दर 'न' माणसांत एकाला होतो, तो जवळजवळ खात्रीने पाहायचा, तर 'न'च्या तिप्पट माणसे तपासावी लागतात. इतकी माणसे औषध घेतात ती ते बाजारात आल्यावरच. म्हणजे औषधाची शेवटची आणि सर्वांत मोठी चाचणी दुकानाच्या काउंटरवरून, आपल्या सर्वांवर, चाललेली असते. प्रश्न एवढाच की, तिची नोंद कोणी घेते का?

एक तक्रार आणि हजार तक्रारी

"या गोळीने अंगावर पुरळ आले," असे कोणी फार्मासिस्टला सांगितले, तर त्यावरून काय सिद्ध होते? जवळजवळ काहीच नाही. पुरळ आजारामुळेही असेल, खाण्यातूनही असेल. पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगायचे, तर एकटे वाचन म्हणजे नुसता गोंगाट. पण हजारो दुकानांतील आणि दवाखान्यांतील अशा नोंदी एका ठिकाणी आल्या, तर त्या गोंगाटातून संकेत वर येतो. समजा, सर्व औषधांच्या मिळून आलेल्या नोंदींत पुरळाच्या नोंदी दोन टक्के आहेत आणि एका विशिष्ट औषधाच्या नोंदींत त्या बारा टक्के आहेत. हा पुरावा झाला असे नाही. पण कोठे खणायचे, ती जागा सापडली.

थॅलिडोमाइडच्या धक्क्यानंतर हेच काम देशोदेशी सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९६४ पासून डॉक्टर पिवळ्या कार्डावर दुष्परिणाम कळवू लागले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखला. १९७८ पासून त्याचे केंद्र स्वीडनमधील उप्साला येथे आहे. गंमत अशी की, ज्याच्या हातून औषध रुग्णाच्या हाती जाते, त्या फार्मासिस्टला हे पिवळे कार्ड भरण्याचा अधिकार ब्रिटनमध्ये मिळाला तो रुग्णालयांत १९९७ साली आणि दुकानांत १९९९ साली! तोवर एक उत्तम निरीक्षक काउंटरमागे गप्प उभा होता.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याला 'फार्माकोव्हिजिलन्स' म्हणतात, आपण औषधदक्षता म्हणू. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग २०११ पासून त्याचे केंद्र सांभाळतो. ठिकठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची उपकेंद्रे आहेत. डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांपैकी कोणीही नोंद पाठवू शकतो. नोंदीत चार गोष्टी हव्यातच. रुग्ण कोण (नाव नको, आद्याक्षरे पुरतात), काय त्रास झाला, कोणत्या औषधाचा संशय आहे आणि कळवणारा कोण. संशय पुरेसा असतो, सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते. रुग्णालाही स्वतः १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते.

या नोंदींचा उपयोग होतो का? होतो. मेफेनॅमिक आम्ल हे वेदनाशामक आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आलेल्या नोंदींची छाननी करून २०२३ च्या अखेरीस आयोगाने इशारा दिला की, क्वचित एखाद्याला या औषधाने ताप, पुरळ आणि आतील अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. अशी प्रतिक्रिया बहुधा गोळी घेतल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. इतक्या दिवसांनी गोळीची आठवण कोणाला राहते? पण दुकानाच्या बिलावर तारीख असते.

आणखी एक गोष्ट फक्त फार्मासिस्टलाच दिसते. आजोबांना हृदयाचे डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी लिहून देतात आणि गुडघ्याचे डॉक्टर वेदनाशामक. दोन्ही चिठ्ठ्या बरोबर असतात. पण दोन्ही औषधे एकत्र गेली, तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दोन डॉक्टर एकमेकांना भेटत नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या मात्र एकाच काउंटरवर भेटतात.

पहारेकरी जागा आहे का?

एवढे असूनही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार फार्मासिस्टची नोंदणी होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे त्याच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. पण काही दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि ज्याचे नाव त्यावर असते तो माणूस दुकानात नसतो. दोष आपलाही आहे. दोन रुपये कमी होत असतील, तर आपण बिल सोडून देतो. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी नाव सांगून मागतो. पहारेकऱ्याने हटकले, तर त्याच्यावरच रागावतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर औषधांचे कपाट उघडा. प्रत्येक पाकिटावर औषधाचे नाव, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपल्याची तारीख सापडते का पाहा. उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असे समजा. यापुढे बिल मागा आणि औषध संपेपर्यंत जपून ठेवा. औषधाने त्रास झाला, असे वाटले, तर डॉक्टरांना सांगाच, आणि फार्मासिस्टलाही सांगा. चालू औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका. शिक्षकांनी शक्य असल्यास जवळच्या फार्मासिस्टला एखाद्या तासाला वर्गात बोलवावे. विज्ञानाच्या पुस्तकातील परासरण, घनता आणि संभाव्यता ही सारी त्याच्या काउंटरवर कामाला लागलेली असतात.

आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या बाटलीवर मी आता मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी डकवली आहे: "केवळ प्रयोगासाठी. औषध नव्हे." ते ग्लिसरीन बहुधा चांगलेच असेल. पण बहुधा हा शब्द औषधाच्या बाबतीत पुरत नाही, हे माझ्याच विद्यार्थ्याने मला शिकवले.